वाऱ्याकडे तोंड करून उभी गाडी

ती. मामांना वाकून नमस्कार.

पत्राच्या पहिल्याच ओळीत एक प्रश्न विचारते, रागावू नका. शिकलेल्या माणसाला ‘मला माहीत नाही’ एवढे तीन शब्द म्हणायला आठ दिवस का लागतात? (मला आठ लागले, माझ्याहून हुशार माणसांना जास्तही लागत असतील.) याचं उत्तर मला देता येत नाही, तुम्हाला सुचलं तर कळवा. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? बर्फाच्या कारखान्यात तुम्हाला भर उन्हाळ्यात स्वेटर घालावा लागतो असं आई सांगते. इथे आम्ही डोक्यावर ओला टॉवेल घेऊन जेवतो, तेव्हा तुमचा थोडा हेवा वाटतो, तो पोटात घाला.

गुरुवारी फोनवर तुम्ही माझं अख्खं व्याख्यान ऐकून घेतलंत, दोन वाक्यं बोललात आणि फोन ठेवलात. तेव्हा मी रुसले होते. आज आभार मानायला बसले आहे. पण आधी सगळं नीट सांगायला हवं, कारण फोनवर मी माझ्या सोयीचं तेवढंच सांगितलं होतं.

बाबांचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. एक दिवसाआड तीन माणसांना मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात न्यायचं आणि चार तासांनी घरी पोचवायचं. एक शिंपीकाका, एक गणिताच्या बाई आणि एक निवृत्त पोस्टमन. परतताना तिघांच्याही अंगात त्राण नसतं. गेल्या आठवड्यात गाडीचा एसी रुसला आणि दवाखान्याच्या फाटकापाशी, गाड्यांच्या रांगेत, शिंपीकाकांना घेरी आली. दवाखान्याच्या कार्यालयातल्या बाईंनी बाबांना सभ्यपणे सांगितलं की पुढच्या शुक्रवारपर्यंत एसी नीट झाला नाही तर काम दुसऱ्या गाडीला द्यावं लागेल. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण बाबा त्या दिवशी जेवले नाहीत, आणि शिंपीकाकांना कसं वाटतंय ते बघायला दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले.

आता आमच्या घरची एक नवी रीत सांगते. मी पदवीधर झाल्यापासून घरात कुठलंही यंत्र बिघडलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मिक्सर जळला, विचारा तिला. मीटर जोरात फिरतोय, विचारा तिला. (माझी पदवी पदार्थविज्ञानाची. त्यात मिक्सर नव्हता.) पण आई अशा कौतुकाने बघते की नाही म्हणवत नाही, आणि मी बोलायला लागले की बाबा गप्प होतात, अगदी अदबीने. बावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस तीन वर्षं बाकावर बसलेल्या मुलीपुढे गप्प होतो, यात मला काही वावगं दिसत नव्हतं. त्या दिवशीही ते सांगायला आले होते, “अगं, गाडी थांबली की ना...” मी म्हटलं, “बाबा, आधी निरीक्षण, मग निष्कर्ष.” ते “बरं बरं” म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

मग मी वही केली. (रकाने आखले, दोन रंगांत.) पहिल्या दिवशी सकाळी सहाला, रिकाम्या मोठ्या रस्त्यावर, एसीच्या जाळीत थर्मामीटर खोचून बाबांना गाडी पळवायला लावली. पारा नऊ अंशांवर. निष्कर्ष: एसी उत्तम, उकाडा हा बराचसा मनाचा खेळ. तो मी दुपारी फाटकाच्या रांगेत, घामाघूम प्रवाशांना समजावूनही सांगितला. गणिताच्या बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, “उत्तर बरोबर आहे गं, पण गणित दुसरंच सोडवलंयस.”

पुढच्या फेरीआधी मी हवेची जाळी काढून धुतली. तीत धूळ, वाळकी पानं आणि एक मेलेलं झुरळ निघालं. त्या दिवशी फाटकापाशी गाडी खरोखर गार राहिली! मी वहीत दोन रेघा ओढून ‘सिद्ध’ असं लिहिलं. त्याच पानाच्या तळाशी ‘बाबा रांगेत गाडीच्या तोंडावर बाटलीने पाणी ओतत बसतात, वेळेचा अपव्यय’ अशीही नोंद आहे. तिसऱ्या फेरीला बाटली घरी राहिली, आणि गाडीची पुन्हा भट्टी झाली. मग मी गॅस गळतोय असं ठरवलं आणि नळ्यांना साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा दिसेल तिथे गळती, असा नियम आहे. पण मी फेस इतका केला की सगळी गाडीच गळत होती. पोस्टमनकाका खिडकीतून म्हणाले, “दाढी झाली की आफ्टरशेव्ह पण लाव हो.” चौथ्या फेरीची नोंद तर मला आता वाचवत नाही: ‘बाबा फाटकाबाहेर तीन वेळा गाडी वळवून वाऱ्याकडे तोंड करून उभी करतात. जुनी खोड. अप्रस्तुत.’

गुरुवारी मी हात टेकून तुम्हाला फोन केला. पंचवीस मिनिटं बोलले. तुम्ही म्हणालात, “गाडी रोज कोण चालवतं? मग त्यांना विचार की, मी काय त्या गाडीत बसतो?”

मी विचारलं, मामा. बाबा आधी लाजले. मग म्हणाले, “अगं, पळताना गार, थांबली की गरम. एसीचा पुढचा, जाळीमागचा पंखा बंद पडलाय. एसी लावला की तो घरघरायचा, बिघडल्या दिवसापासून त्याचा आवाजच नाही. पळताना समोरचा वारा मिळतो, थांबल्यावर मी पाणी मारून नाहीतर वाऱ्याला लावून भागवत होतो. गॅरेजला नेणार होतो, पण तू वहीत लिहीत होतीस ना, म्हटलं मधे बोलू नये.” काखेतला कळसाच मला आठ दिवस अदबीने वाट देत होता! मला रडू आलं, आणि बाबांना वाटलं माझा निष्कर्ष चुकला म्हणून, तर ते म्हणतात, “तुझी जाळी धुतल्यापासून वास मात्र गेला हो.”

उंदराने पंख्याची वायर कुरतडली होती. गॅरेजच्या वायरमनने अर्ध्या तासात जोडली. शुक्रवारी भर दुपारी कार्यालयातल्या बाई थांबलेल्या गाडीत दहा मिनिटं बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, “जरा कमी करा, कान गारठले.” काम बाबांकडेच राहिलं. तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत, ते कोणाकडे आहे एवढंच सांगितलंत. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

तुमची भाची

ता. क. शिंपीकाकांनी मागच्या काचेला पांढरा पडदा शिवून दिला आहे. मी माफी मागायला गेले, तर मलाच सरबत देऊन पाठवलं.

ता. क. दुसरा. खरं काम आता लिहिते. रविवारी इकडे या आणि आईशी बोला. मी अधिकाऱ्यांच्या परीक्षेला बसणार असं तिने सगळ्या नात्यात सांगून ठेवलं आहे. थोरल्या भावाचं ती ऐकते; निदान तुमच्यासमोर ताट आपटत नाही. मला गाड्यांच्या एसीचं काम शिकायचं आहे, हाताने, अगदी वायरीपासून. या रस्त्यांवर अशा आजारी माणसांना नेणाऱ्या कितीतरी गाड्या आहेत. बाबांना सांगितलं. त्यांनी गाडीतली हत्यारांची पेटी काढून उघडली, आणि या वेळी मी मधे बोलले नाही. मग म्हणाले, “पाना धरायला मी शिकवतो.”

ता. क. तिसरा. थांब, विचार कर, असं कळवू नका. हे पत्र मी मुद्दाम दोन दिवस उशिरा टाकते आहे. परीक्षेच्या अर्जाची मुदत काल संपली, आणि काल मी तंत्रशाळेत नाव घालून आले.