ताशी साडेअकरा मैल आणि लुसिलताईचा मोरपिशी बॉल

मिल्वॉकी, रविवार दुपार
(आमची ही, बर्निस, चर्चमध्ये पॅनकेक वाढायला गेली आहे, म्हणून घर शांत आहे.)

तीर्थस्वरूप लुसिलताईस,

धाकट्या नॉर्बर्टचा कमरेत वाकून नमस्कार. (वाकता येत नाही, पण पत्रात कोण बघायला येतंय?) तुझा गुडघा कसा आहे? अजून दुखतो का? जिना चढताना जास्त दुखतो की उतरताना? रीत म्हणून विचारत नाहीये, मला खरंच सविस्तर कळायला हवंय. डलूथला अजून बर्फ असेलच. आमच्याकडचा वितळला आणि त्याखाली शेजारच्या गिल्बर्टचं फावडं आमच्याच अंगणात निघालं. चार महिने मी त्याला ‘आमच्याकडे नाही रे बाबा’ असं छातीठोकपणे सांगत होतो. आता ते त्याच्या अंगणात कसं नेऊन टाकावं या विवंचनेत आहे.

तर माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं हे तुला माहीतच आहे. (तू पाठवलेले मोजे मिळाले. खांद्याच्या ऑपरेशनला मोजे का, हे बर्निसला अजून कळलेलं नाही.) खांदा बरा झाला, पण बोलिंगच्या बॉलातला जीव गेला. आता बॉल सोडायच्या प्रत्येक लेनच्या वर पडदा असतो आणि त्यावर आपल्या बॉलचा वेग सगळ्या गावाला दिसतो. हा शोध कुणी लावला तो माणूस मला एकदा भेटायला हवा. पूर्वी माझा वेग ताशी सतरा मैल होता, आता साडेअकरा. मी बॉल सोडतो, मागे फिरतो, बाकावर बसतो, बिअरचा घोट घेतो, तोंड पुसतो आणि मग तो टोकाला उभ्या पिनांपाशी पोहोचतो. आमचा कॅप्टन हार्वी कुबिआक (तोच, सॉसेजच्या दुकानाचा, ज्याला तू एकदा सगळ्यांदेखत हरवलं होतंस) म्हणाला, “नॉर्बर्ट, बॉल टाकलायस की पोस्टानं पाठवलायस?” सगळे हसले. मीही हसलो, पण मला लागलं गं ते.

पुढे तो बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “मोसम संपायला तीन गुरुवार उरलेत. एकदा तरी दीडशे गुण करून दाखव. नाहीतर पुढच्या मोसमाला तुझ्या जागी आमच्या जावयाला घ्यावं लागेल.” जावई म्हणजे डस्टिन. वेग बावीस, अक्कल बेताची. ताई, अठ्ठावीस वर्षं मी त्या टीममध्ये तिसरा खेळतोय. गुरुवार काढून घेतला तर माझ्या आठवड्यात उरतं काय? फावडं!

म्हणून नवा बॉल घ्यायचं ठरवलं. आमच्या बोलिंग अॅलीच्या कोपऱ्यातच ऑर्विलचं दुकान आहे. बॉल विकतो आणि गिऱ्हाइकाच्या हाताचं माप घेऊन त्याला भोकं पाडून देतो. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, “वेग किती?” आता तुला ठाऊक आहे, आपल्या गावातली माणसं पाद्रीबाबांपुढे सगळी पापं भडाभडा ओकतील, पण बॉलचा वेग खरा सांगणार नाहीत. त्यात मागे रांगेत डस्टिन उभा. मी म्हणालो, “सतरा.” ऑर्विलनं चष्म्यावरून पाहिलं. “सतरा?” मी म्हणालो, “हवा चांगली असली तर अठरा.” (बंद छपराखाली कसली आलीय हवा!)

झालं. त्यानं मला काळाकुट्ट, खरखरीत, पंधरा पौंडी बॉल दिला. भोकं पाडली, वर ठसठशीत अक्षरांत ‘नॉर्बर्ट’ कोरलं. आणि एकदा भोकं पाडली की बॉल परत घेत नाहीत. कवळीसारखंच ते.

पहिल्या गुरुवारी मी तो ऐटीत पिशवीतून काढला. सोडला. अर्ध्या लेनपर्यंत सरळ गेला आणि तिथे त्याला काय आठवलं कोण जाणे, डावीकडे वळला आणि सावकाश, अगदी फिरायला निघाल्यासारखा, कडेच्या नालीत उतरला. पुन्हा सोडला, पुन्हा नाली. शेवटी एकदा तर नालीतसुद्धा मधेच थांबला आणि अॅलीच्या माणसाला काठी घेऊन जावं लागलं. त्यात आमचा नियम असा, की बाकीच्या तिघांनी एका बॉलमध्ये दहाच्या दहा पिना पाडल्या आणि चौथ्याला जमलं नाही, तर सगळ्यांची बिअर चौथ्यानं आणायची. त्या संध्याकाळी मी चार वेळा ट्रे घेऊन आलो. नवीन आलेल्या एका बाईनं मला वेटर समजून चिप्स मागितले. (आणून दिले. काय करणार?) गुण झाले एक्क्याण्णव.

घरी आल्यावर बर्निसनं एकच विचारलं, “ऑर्विलला वेग किती सांगितलास?” मी म्हणालो, “सूप छान झालंय.” ती म्हणाली, “उद्या सकाळी जा आणि खरं सांगून ये.”

गेलो. सांगितलं. ऑर्विल हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, “अरे शहाण्या, काळा बॉल लेन घट्ट धरतो. जोरात टाकणाऱ्याचा बॉल वळायच्या आतच पिनांवर जातो, त्याला तसला लागतो. तुझा बॉल सावकाश जातो, म्हणजे त्याला वळायला आधीच भरपूर वेळ आहे. तुला हलका, गुळगुळीत, चकचकीत हवा. तो लेनवर लावलेल्या तेलावरून निमूट घसरत जाईल आणि अगदी शेवटी वळेल. घरात जुना आहे का एखादा?”

ताई, होता. तळघरात, नाताळच्या दिव्यांच्या खोक्यामागे. तुझा. तेरा पौंडी, मोरपिशी, चकाकणारा, वर ‘लुसिल’ कोरलेला. डलूथला जाताना तू ठेवून गेलीस तो. मी त्याला आयुष्यभर ‘झाडाला टांगायचा गोळा’ म्हणत आलो. तुझी मनापासून माफी मागतो. (बोटांचं कसं जमवलं ते मागाहून सांगतो.)

दुसऱ्या गुरुवारी एकशे चव्वेचाळीस. या आठवड्यात शेवटचा गुरुवार. मी बॉल काढला की सगळी अॅली ओरडायची, “लुसिल, सांभाळून गं!” “लुसिल, केस विंचरून ये!” पण ताई, काय सांगू! सोडला की घसरत जायचा, घसरत जायचा, मी बसून घोट घ्यायचो, आणि आता गेला नालीत म्हणेपर्यंत शेवटी असा अलगद वळायचा की दहाच्या दहा आडव्या! अखेरच्या फेरीत पहिल्या दोघांनी दहा पाडल्या, मीही पाडल्या. मग हार्वी आला, त्याचा पाय जरा अडखळला आणि त्याच्या तीन पिना उभ्या राहिल्या. बिअर हार्वीनं आणली! माझे एकशे त्रेसष्ट! मी दोन्ही हात वर करून नाचलो. (एकच हात पूर्ण वर जातो, पण आनंद पूर्ण होता.) हार्वी ट्रे ठेवून म्हणाला, “तिसरा तूच, लुसिल.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बिअरच्या फेसावर ढकललं.

गुडघ्याला गरम पिशवी लाव. बर्निसचा नमस्कार.

तुझा धाकटा,
नॉर्बर्ट

ता. क. – तुझ्या बॉलची भोकं बुजवून माझ्या बोटांच्या मापाची पाडली तर चालेल का? तुझ्या परवानगीशिवाय मी हात लावणार नाही.

ता. क. २ – पाडली. दोन आठवडे झाले. त्याआधी घरी बॉलच्या जुन्या भोकांत बोटं घालून पाहिली, तर अंगठा अडकला. पाऊण तास आणि अर्धी लोण्याची वडी गेली.

ता. क. ३ – पत्र लिहिलं ते खरं यासाठी. हार्वीनं बॉलवरचं नाव पाहून तुझा फोन नंबर मागितला. “लुसिल अजून सतरानं टाकते का? पुढच्या मोसमाला येईल का?” मी विचारलं, कुणाच्या जागी? तो बुटांकडे बघत बसला. त्याचा फोन आला तर गुडघा फार दुखतो म्हणून सांग. चढतानाही आणि उतरतानाही.

ता. क. ४ – पाकीट चिकटवणार तेवढ्यात हार्वीच दारात. ऑगस्टमध्ये त्याच्या कमरेचं ऑपरेशन आहे. जागा त्याची स्वतःची रिकामी होणार आहे आणि हे सांगायची त्याला लाज वाटत होती, म्हणून बूट. (डस्टिनला म्हणे आता गोल्फचा नाद लागलाय.) तेव्हा वरचा गुडघा रद्द समज आणि ये. माझ्या शेजारी खेळ. काळा बॉल तुझ्यासाठी पुसून ठेवलाय, सतरावाल्यासाठीच आहे तो. ऑर्विल तुझ्या मापाची भोकं पाडून देईल, पण कोरलेलं नाव काही निघत नाही म्हणतो. म्हणजे मोसमभर तुला सगळे नॉर्बर्ट म्हणणार. फिटंफाट.