मी कट म्हणेपर्यंत

मी, खाली सही करणारा, धंद्याने सिनेमातला डुप्लिकेट, आता निवृत्त, पूर्ण शुद्धीत आहे. दारू सोडली आहे, राग सोडलेला नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं असं व्हावं.

एक. राहती खोली धाकट्या बहिणीला. माझ्या तोंडाकडे सरळ बघून बोलली ती एकटीच.

दोन. अस्वलाचा पोशाख आणि लाकडी तलवारी पुतण्याला. "काकाच्या चेहऱ्याची भीती वाटते" म्हणून तो माझ्या शेजारी जेवायला बसत नसे. आता अस्वलाचं तोंड चढवून त्याने आरशात बघावं.

तीन. ‘चाच्यांचं रॉकेट’ या सिनेमाची एकुलती एक प्रिंट. लॅब बंद पडली तेव्हा भंगारातून मी उचलली, म्हणून माझी. दिग्दर्शक आणि हीरो माझा थोरला भाऊ. त्यात चाचे आहेत, भूत आहे, चंद्रावरचं अस्वल आहे आणि शेवटी कोर्ट. न्यायाधीशाच्या डोक्यावर चाच्याचीच टोपी, कारण दुसरी नव्हती. तेव्हा थिएटरकडे कुत्रंही फिरकलं नाही. आता तरुण पोरं, हसायला का होईना, प्रिंट मागत येतात आणि दादा हरखून गेलाय.

नवव्या रिळात जहाज जळतं. त्यातून पळणारी पाठ माझी, पुढच्या शॉटमधलं तोंड दादाचं. त्याने बजावलं होतं, "मी कट म्हणेपर्यंत थांबायचं नाही." कपडे पेटले, मी बोंबललो, तो कॅमेऱ्यामागे गप्प उभा राहिला. दवाखान्यात येऊन म्हणाला, "कट कसा म्हणू रे? शॉट काय झकास येत होता!"

परवा वहिनी आल्या होत्या. "भावोजी, द्या ना ती रिळं. ह्यांचा जीव अडकलाय त्यात."

अडकू दे. माझ्यानंतर सगळी रिळं दादाच्या अंगणात न्यावीत, त्याला समोर खुर्चीत बसवावं आणि माझ्या ओळखीच्या प्रोजेक्टरवाल्याने एकेक रीळ पेटवावं. दादाने तोंडाने स्पष्ट "कट" म्हटलं की तिथेच थांबावं, उरलेली रिळं कायमची त्याची. हाताची खूण चालणार नाही. लिहून दाखवलेलं चालणार नाही. वहिनींनी म्हटलेलं तर मुळीच नाही.

झटका येऊन दादाची वाचा गेली आहे, हे मला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणतात, समजतं मात्र सगळं. म्हणून तर लिहायला बसलो.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचा न्हावी, शेजारचा शिंपी ("काका, हे जरा जास्तच होतंय," म्हणाला, पण सही केली).
ठिकाण: राहती खोली.
दिनांक: दादाचा वाढदिवस.
सही: डाव्या हाताची. उजवा त्या शॉटमध्ये गेला.