दुसऱ्या झोक्यातलं धान

बाबा, आज दुपारी मी बाळाच्या रिकाम्या झोळीत धानाची चुंगडी, छोटंसं पोतं, ठेवली आणि तिला झोका दिला. एक दोरी हातात, दुसरी पायाच्या अंगठ्याला. तुम्ही बसायचात तशीच बसले होते, भिंतीला पाठ टेकून, एक पाय लांब करून. माझ्या पोरीनं दारातून ते पाहिलं आणि ती जागच्या जागी ओरडली. म्हणून आता स्वयंपाक आवरून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि तुम्ही गेलात तेव्हा मलाही येत नव्हतं. मी नंतर शिकले, शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवता शिजवता, पोरांनी टाकलेली पुस्तकं चुलीजवळ उघडून. आता जे मिळेल ते वाचते. लिहायला अजून वेळ लागतो.

तुम्ही जिला झोका दिलात, त्या माझ्या पोरीला जुळ्या मुली झाल्या. पहिलं बाळंतपण म्हणून ती माझ्याकडे शहापूरला आली. दोघींना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवसापासून या घरात कोणी धड जेवलेलं नाही. एकीला पाजून खाली ठेवावं तर दुसरी उठते, दुसरीला थोपटावं तर पहिलीनं ओलं केलेलं असतं. पहिल्या आठवड्यात पोरीनं एकीलाच दोनदा पाजलं आणि दुसरी रडून लाल झाली. "आई, हिले आत्ताच घेतलं होतं ना मी?" "थे दुसरी होती." "मंग ही कोन हाये?" आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून इतक्या हसलो की तिचे टाके दुखायला लागले. मग मी मोठीच्या मनगटाला काळा दोरा बांधला. धाकटी हाताला हलकी होती. तिला उचलताना माझ्या हाताला काहीतरी आठवायचं, पण मी ते आठवू देत नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, तुमच्या घराण्यात कोणाला जुळे झाले होते का? पोरगी हसत म्हणाली, "नाही जी, आमच्याकडे मीच पहिली." मी तिथंच बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन. मी पिशवीचे बंद सारखे करत राहिले. आपल्या पोरीला माहीत नाही, बाबा, की तीही जुळ्यातली आहे. तुम्हीच म्हणाला होतात की तिच्या कानावर पडू द्यायचं नाही.

माझ्या बाळंतपणातलं सगळं मला एकोडीच्या तुमच्या घरासकट आठवतं. आई मी लहान असतानाच गेलेली. माझ्या सासूचं म्हणणं होतं की ज्या घरात बाई नाही तिथं बाळंतीण कोण पाहील? तुम्ही एवढंच म्हणालात, "मी हाव ना." गावभर हसू झालं. शेजारची मोठीआई लेकरांना न्हाऊ घालायला यायची, ती तुम्हाला रोज चिडवायची. "भाऊजी, आता लुगडंच नेसा एखादं." तुम्ही चुलीसमोरून मान न वळवता म्हणायचात, "नेसतो, पन नेसवून तू दे वहिनी. नाहीतर तलावाच्या पाळीवर सुटन थे." तुम्ही केलेला डिंकाचा लाडू तिनं दाताखाली धरून पाहिला आणि खाली ठेवला. "हा बाळंतिनीसाठी हाये का बैलासाठी?" मी आत हसून हसून पालथी झाले. तुम्ही तो लाडू वरवंट्यानं फोडलात आणि दुधात भिजवून मला दिलात. त्यानंतर सगळेच लाडू तसेच दिलेत.

बाळंतिणीच्या खोलीत बाप्या माणसानं यायचं नाही, हे तुम्ही पाळलं. दाराशी खोकायचात, ताट उंबऱ्यापाशी ठेवायचात आणि पाठ फिरवून सांगायचात, "भात ऊन हाये माय, फुंकून खा." पण मी एकटी आणि लेकरं दोन. पोरगी आधी झालेली, पोरगा तिच्यामागून, तिच्या निम्म्या अंगाचा. दोघांच्या झोळ्या तुम्ही आईच्या जुन्या लुगड्यांच्या केल्यात आणि आढ्याला टांगल्यात. मग एके दिवशी कुडाच्या भिंतीतून माती पडायला लागली, सुरीचं टोक आत आलं, त्या भोकातून दोरी आत सरकली आणि तुमचा आवाज आला, "झोळीले बांध माय." दुसरं भोकही तसंच पाडलंत. तेव्हापासून तुम्ही बाहेर सपरीत, ओसरीवर, बसून दोन्ही झोके ओढायचात. पोराच्या बाजूचं लाकूड करकरायचं, पोरीच्या बाजूचं नाही. मी पडल्या पडल्या ते ऐकायची आणि मला झोप यायची. गावातल्या साऱ्यांची मळणी उरकली होती. तुमच्या धानाचं पुंजणं, कापलेल्या पेंढ्यांची रास, शेतात बांधीत तसंच उभं होतं. कोणी येता-जाता विचारलं की तुम्ही म्हणायचात, "धान पळून नाही जात."

तिसऱ्या आठवड्यात पोरगा गेला. दुपार होती. पाजायला म्हणून मी त्याला उचललं तर तो गार होता. बाहेर तुम्ही दोरी ओढतच होतात. मला आवाज देता येईना. मी एका हातानं त्याला छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं दोरी घट्ट धरून ठेवली. पलीकडून तुम्ही एकदा ओढून पाहिली. परत एकदा ओढून पाहिली. मग दोरी ढिली पडली. थोड्या वेळानं तुम्ही आत आलात, न खोकता.

तलावाच्या पाळीखाली, बांधाशी, तुम्हीच त्याला मातीत ठेवून आलात. सासरी यांना निरोप गेला, हे आले, सासूही आली. हे पोरीला मांडीवर घेऊन बसून होते. सासू उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "बाप्याच्या हातचं बाळंतपन. असंच होनार." तुम्ही ओंजळीत पाणी घेऊन उभे होतात, तोंड धुवायला. ते पाणी तुमच्या बोटांतून गळून गेलं. मग ती पोरीकडे पाहून म्हणाली, "आन् ही पाहा. भावाले खाऊन कशी पडली हाये." त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

सारे गेल्यावर पोरगी झोपेचना. पाजलं, शेकलं, मोठीआईनं ओव्याची धुरी दिली, तरी डोळ्याला डोळा नाही. मी पण रडते, ती पण रडते. असं काही दिवस चाललं. मग एका दुपारी मी न्हाणीतून येऊन पडले आणि लाकूड करकरलं. पोराच्या बाजूचं. मी उठून पाहिलं तर दुसरी झोळी हलत होती, भरलेली, जड. मी भिंतीकडे तोंड करून ओरडले, "बाबा, गेल्याचा झोका कायले हालवून राहिले? रिकामा झोका हालवू नये, समजत नाही काय तुमाले?" इतकं वाईट मी तुम्हाला आधी कधी बोलले नव्हते. दोरी थांबली. भोकातून तुमचा आवाज आला. "रिकामा नाही माय. धान हाये त्यात. पोट्टीले दोन्ही झोक्यांचा आवाज लागते. एका आवाजानं झोपत नाही थे." तुम्ही जरा वाट पाहिलीत आणि परत ओढायला लागलात. पोरगी झोपली. संध्याकाळपर्यंत झोपली.

मला सासरी पोचवायला आलात तेव्हा तुम्ही माझ्या सासूपुढं हात जोडलेत. एका बाईपुढं हात जोडलेले तुम्ही मला पहिल्यांदाच दिसलात. "एक मागनं हाये. पोट्टीले कधी सांगू नका. जे बोल्ले थे बोल्ले, पन तिच्या कानावर पडू नये." सासू मान वळवून बसली होती. तोंडाची फार तिखट बाई, पण मरेपर्यंत तिनं तो शब्द पाळला. पोरगी शाळेत जायच्या आधी तुम्ही गेलात. पुढं हे गेले, मग सासू. एकोडीची मोठीआईही आता नाही. हे जाणणारी मी एकटी उरले. कधी कधी वाटायचं, मी गेले की तो पोरगा झालाच नव्हता असं होईल. तरी मी बोलले नाही.

या आठवड्यात धाकटी पिवळी पडली. दूध ओढेना, नुसती झोपून राहायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तिला ठेवून घेतलं. तिच्याजवळ जावई आणि त्यांची आई आहेत. पोरगी सकाळी ऑटोनं जाते, तिला पाजून पाहते, दूध काढून देऊन दुपारी परत येते, कारण इथं मोठी आहे. टाके ओले असताना हे जाणं-येणं. तोंड एवढंसं झालंय तिचं. ऑटोतून उतरली की आधी माझ्या तोंडाकडे पाहते, जसं काही दवाखान्यातलं मलाच जास्त कळतं. आणि मी तोंड दुसरीकडे करते. मला भीती वाटते, बाबा, की माझ्या तोंडावर तिला ते दिसेल. आता जर तिला सांगितलं की तुझ्यासोबत एक भाऊ जन्मला होता आणि तो राहिला नाही, तर ती काय ऐकेल? ती एवढंच ऐकेल की दोनातलं एक जातं.

मोठीनं झोप सोडली. काल दिवसभर रडली, आज सकाळपासून तेच. इथं स्लॅबच्या हुकांना दोन झोळ्या टांगल्या आहेत, शेजारी शेजारी. एक हलते आणि एक लोंबकळत राहते. दुपारी मी तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरले, मग कोठीत गेले, चुंगडीत धान भरलं, हातानं वजन पाहिलं, थोडं काढलं, परत पाहिलं. धाकटीएवढं झालं तेव्हा ते झोळीत नीट कापडावर ठेवलं. दोन्ही दोऱ्या घेऊन बसले. लोखंडाचा हुक करकरतो, लाकडासारखा नाही, पण करकरतो. मोठी दोन-चार हुंदके देऊन शांत झाली. मला वाटतं माझाही डोळा लागला असावा, कारण ऑटोचा आवाज मला आला नाही.

"आई! हे काय करून राहिली तू?" ती दारात, चप्पल पायातच. "माझं लेकरू दवाखान्यात हाये. मेलं नाही थे! रिकामा झोका हालवू नये, हे तूच शिकवलं ना मले?"

"रिकामा नाही, बाई. धान हाये त्यात."

"माझ्या पोरीच्या जागी धान?" ती रडायला लागली. "कोन करते असं?"

"तुझ्या आजोबानं केलं होतं."

"कोनासाठी?"

मी म्हणाले, "तुझ्यासाठी."

मग थांबता आलं नाही. मी सगळं सांगितलं, कुडाची भोकं, लुगड्याच्या झोळ्या, दोरी ढिली पडली ते. सासूचं बोलणं मात्र सांगितलं नाही. तुमचा शब्द मी तेवढा पाळला, बाकीचा मोडला. ती खाली बसली, भिंतीला टेकून, पोटावर हात धरून. मला वाटलं आता ती विचारेल की माझीपण जाईल काय. ती म्हणाली, "मंग मी झोपत होती काय, धान ठेवल्यावर?" मी म्हणाले, "झोपत होती." ती म्हणाली, "ही पन झोपली." आणि मग, "तिनं आज दूध ओढलं, आई. थोडंसं. पन ओढलं." एवढं सांगायला ती ऑटोतून धावत आली होती आणि तिला दारात ते दिसलं होतं.

थोड्या वेळानं तिनं माझ्या अंगठ्याची दोरी सोडवून स्वतःच्या हातात घेतली. धानाच्या झोळीची दोरी. हळूहळू ओढायला लागली. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

मी म्हणणार होते की बारसं झालंच नव्हतं. ते खरंही आहे. पण मी नाव सांगितलं. तिनं ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं आणि दोरी ओढत राहिली. धाकटी अजून दवाखान्यातच आहे. दोन-चार दिवसांत सोडतील म्हणतात. म्हणतात तर सगळेच. तोपर्यंत धान झोळीतच ठेवू, असं पोरगीच म्हणाली.

हा कागद कुठं पाठवायचा हे मला माहीत नाही, आणि पाठवायचा नाहीच आहे. पिठाच्या डब्याखाली ठेवून देईन. एकच राहिलं. ते नाव मला कुठून कळलं, असं तुम्ही विचाराल. बाबा, कूड पातळ होता. सपरीत दोरी ओढताना तुम्ही त्याला हळूच त्या नावानं बोलवायचात. तो गेल्यावर, दुसऱ्या झोळीत धान असतानाही, बोलवायचात. झोका पोरीसाठी आहे असं तुम्ही मला सांगितलं होतं आणि मी ते मानल्यासारखं केलं. आत भिंतीकडे तोंड करून मी रोज ऐकत होते. मी जागी आहे हे तुम्हाला कधी कळू दिलं नाही. कळलं असतं तर तुम्ही ते नाव घ्यायचं थांबवलं असतं.