सगळे शब्द असलेली ओळ

मंगळवार, १० मार्च

सगळं बदललं ते आज दुपारी, मालाच्या नोंदी ठेवणारी राजेश्वरी मालकांसमोर मान खाली घालून उभी राहिली तेव्हा. तोवर मी या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नुसती बिलं छापत होतो आणि चोरून तिच्याकडे बघत होतो.

आकाराम पाटलांचा हिरवा बेदाणा सौद्याला, म्हणजे लिलावाला, जायचा होता. तिनं कॉम्प्युटरवर शोधून नमुना काढायला सांगितला आणि टेबलावर गेला दुसऱ्याच पाटलांचा पिवळा. व्यापारी हसले. मालक म्हणाले, “शुक्रवारच्या सौद्यात परत असं झालं तर घरी बसायचं.”

चूक तिची नाहीच! ‘आकाराम पाटील सावळज हिरवा’ टाकलं की यातला एक जरी शब्द असेल ती प्रत्येक नोंद समोर येते. म्हणजे पाटील आडनावाचा अर्धा तालुका. त्यातून ती बिचारी डोळ्यांनी वेचते.

मी मध्येच बोललो, “मी करतो नीट.”

“तू? कॉलेज सोडून आलेला?”

हो, मीच. साताऱ्याला तिसऱ्या वर्षात सरांशी भांडून, दार आपटून बाहेर पडलेला. कान तापले. पण ती बघत होती, म्हणून कॉम्प्युटरकडे वळलो.

बुधवार, ११ मार्च

फसलं. चारी शब्द जसेच्या तसे, एका ओळीत शोधायला लावले — काहीच सापडेना. एवढा चिडलो की माऊस आपटला.

राजेश्वरी हसली. “आवं इंजिनिअर, शेतकरी बोलंल तसं मी लिवते. कोण आधी गाव सांगतं, कोण आधी रंग. आकारामतात्या दारातनंच वरडतात, ‘सावळजचा हिरवा आलाय बघ, पोरी!’ नाव शेवटाला.”

म्हणजे क्रम सोडायचा. शब्द नाही सोडायचे.

गुरुवार, १२ मार्च

जमलं!!

टाकलेली ओळ मोकळ्या जागांवर तोडायची. मग एकेक नोंद समोर घ्यायची आणि विचारायचं — हा शब्द आहे? हाही आहे? एक जरी नसला तरी ती नोंद बाहेर. जुन्या कोडात ‘कुठलाही एक’ होता, तिथं ‘प्रत्येक’ बसवला. बस्स, एवढंच. दोन दिवस डोकं फोडलं ते एवढ्यासाठी.

चारी शब्द टाकले. एकच ओळ आली. स्वेटर चढवून ती स्वतः माल ठेवतात त्या थंड चेंबरमध्ये गेली आणि मूठ उघडत बाहेर आली. “हिरवाच हाय रं!” कालपर्यंत ‘आवं’ होतं. आज ‘रं’.

इथं माझ्यासोबत काम करणारा सिद्धू म्हणतो, “गड्या, पोरी काय कमी हाईत?” त्याचं शोधणं जुन्या कोडासारखं — एक गोष्ट जुळली की झालं. मला ते हसणं, ते टोमणे, चेंबरमधून बाहेर आल्यावरचं लाल नाक, सगळं एकत्र पाहिजे. माझीही ओळ एकच निघते.

शुक्रवार, १३ मार्च

सौदा झाला. एकही नमुना चुकला नाही. तात्यांना चांगला दर मिळाला. त्यांनी पाठीत अशी थाप मारली की अजून दुखतंय. “पोरानं मशीन शहाणं केलं!” मालकांनी सगळ्यांना चहा सांगितला. राजेश्वरीनं तिच्या कपातला अर्धा मला ओतला. सगळ्यांसमोर!

शनिवार, १४ मार्च

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “शोधायला आता येगळं माणूस कशाला? दोन्ही कामं तूच बघ, पगार वाढवतो. राजेश्वरीला सोमवारपासनं नको म्हणून सांग.”

म्हणजे मी तिची नोकरी वाचवली नव्हती. घालवली होती.

मी म्हणालो, “एकच ठेवायचं तर तिला ठेवा. कुठले शब्द टाकायचे ते तिला ठावं हाय. बिलं छापायला मी शिकवलंय तिला.”

“रागानं बोलाय लागलास व्हय?”

“न्हाई, मालक.” आणि खरंच, राग नव्हता. मालकांनी मान डोलावली: ती राहणार, मी जाणार.

तिला केबिनबाहेर सगळं ऐकू गेलं होतं. “येडा हाईस का रं?” म्हणाली. मग खालच्या आवाजात, “उद्या घरी जेवाय ये. आईबाबांना मी सांगून ठेवते.”

मी डबा उचलला, बाहेर पडलो आणि दार हळूच ओढून घेतलं.