खालचं घर काकांना

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, धंद्याने माती-पाणी तपासनीस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर लिहिते आहे. इथल्या पाण्याने माझी मूत्रपिंडं गेली, डोकं नाही. तसा डॉक्टरबाईंचा दाखला सोबत आहे. दबाव काकांनी पुष्कळ आणला. तो बाजूला ठेवला आहे.

१. माझी सगळी शिल्लक खालच्या आळीच्या दाव्याला द्यावी. कारखान्याचा गाळ तीस वर्षं आमच्या मातीत मुरला. पुनर्वसन समितीने नव्या घरांसाठी नाल्यावरून रेषा काढली: वरची आळी बाधित, खालची नाही. पाणी उताराकडे वाहतं, हे मी समितीच्या अध्यक्षांना, म्हणजे माझ्या सख्ख्या काकांना, नकाशावर दाखवलं. ते म्हणाले, "पोरी, रेषा माती बघून काढत नाहीत, माणसं बघून काढतात." आणि आमच्या आळीवर शेरा मारून सही केली: 'राहण्यास योग्य'.

२. तपासणीची उपकरणं शेजारच्या शिंपीणबाईंना. मी त्यांना शिकवलं आहे. समितीच्या कुणाला हात लावू देऊ नये.

३. माझ्याशी लग्न ठरलेल्या आणि माझे रिपोर्ट बघताच 'आईची तब्येत बरी नसते' हे आठवलेल्या गृहस्थांचा स्वेटर त्यांना परत करावा. आमच्या हातपंपाच्या पाण्यात धुऊन.

४. काकूंना काही नाही. इस्पितळात त्या म्हणाल्या होत्या, "आजारी कुठे गं, नुसती पिवळी दिसतेस."

५. राहतं घर काकांना. बाबांना स्मशानात पोहोचवून आल्यावर ते दारातच म्हणाले होते, "भावाचं घर परक्याच्या घशात घालू नकोस." घालत नाही. अट इतकीच की त्यांनी इथे सहकुटुंब राहावं आणि इथलंच पाणी प्यावं. नको असेल तर कारण सहीनिशी लिहून द्यावं. 'गुडघे दुखतात' चालणार नाही. घराला पायऱ्या नाहीत. 'जागा राहण्यास योग्य नाही' एवढं लिहिलं की पुरे. वकिलांनी तो कागद दाव्याला जोडावा. आळीचं रेषेच्या आत येणं त्यांच्या त्याच एका सहीवाचून अडलं आहे. काका गप्प बसले, तर घर शिंपीणबाईंचं, आणि दारावर पाटी: 'अध्यक्षांनी नाकारलेली योग्य जागा'.

६. हे मृत्युपत्र याच घरात, आळीतल्या सगळ्यांसमोर वाचावं. सुरू करण्याआधी काकांना हातपंपाचं पेलाभर पाणी द्यावं. ते पितात की नाही, हे साक्षीदारांनी खाली लिहावं.

साक्षीदार: डॉक्टरबाई, आळीतले गवंडीकाका. (शिंपीणबाईंना वाटा असल्यामुळे त्यांची सही घेता आली नाही. त्या रुसल्या आहेत.)

ठिकाण: नाल्याच्या खाली.
तारीख: वरच्या आळीला नव्या घरांच्या किल्ल्या वाटल्या, तो सोमवार.

सही

पेल्याबाबत शेरा: ....................