आमच्या बोळावरची माझी टिक

मंगळवार, संध्याकाळी सात

शेजारच्या मालतीकाकूंचं मनगट मोडलं. चाळीच्या बोळात आमसुलं वाळत घालत होत्या, डिलिव्हरीवाल्याची बाइक सरळ आत घुसली.

"मॅप इथूनच दाखवतो, मॅडम," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

दाखवणारच! सॅटेलाइट फोटोंतून एआयने शोधलेले रस्ते तपासणं हीच तर माझी नोकरी. गेल्या महिन्यात हा बोळही माझ्याच स्क्रीनवर आला होता. ओळखला नाही, की नीट बघितलाच नाही? बरोबर म्हणून टिक करून मोकळी झाले.

हॉस्पिटलातून परतताना काकूंना सगळं सांगून टाकलं. चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगो, फोटोत वरसून तुका आपली चाळ पण वळखूक येवक नाय?"

बोळ नकाशातून काढायला कळवलंय. पण त्याच दिवशी टिक केलेले बाकीचे रस्ते कुणाकुणाच्या दारातून जातात, कोण जाणे.