नानांच्या नाकाशी धरलेला कांदा

बोदवड, मंगळवार, संध्याकाळ

साबणाने धुतले तरी बोटांचा कांद्याचा वास जात नाही. आज सभेत माझे जुने सोबती नाना बसल्या जागी कोसळले. कुणी ओरडले, "कांदा फोडा रे, नानाले फेफरं उनं!" मीही फिट आली समजून त्यांच्या नाकाशी कांदाच धरून बसलो. तो हुंगायला श्वास तरी चालू होता का?

गेल्या वर्षी पुण्यात माझ्याच भाषणात एक गृहस्थ असेच पडले. श्रोत्यांतल्या डॉक्टराने लगेच त्यांची छाती दाबायला घेतली, इस्पितळ जवळ होते, ते वाचले. नाना जळगावच्या वाटेवर जीपमध्येच गेले. हृदय तर दोन्हीकडे सारखेच ना? मग?

आणि आता आबा. माझ्या वडिलांची छाती महिनाभर दुखते आहे, तरी उद्या त्यांना सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या गावी परतायचे आहे. तिथे डॉक्टर नाही, जीपही नाही. म्हणालो, "आबा, इथेच राहा. जळगावचे इस्पितळ तरी गाठता येईल."

हसले. "मराले बी जळगाव लागस का रे?"

"मग मीही येतो."

"तू काय करशी तठे? भाषन?"

तरी मी उद्या त्यांच्याबरोबर जाणार आहे, आणि वाटेभर त्यांच्या श्वासाकडे कान लावून बसणार आहे.